फडक्याची उत्तरं

मित्रांनो, मी सतरा नंबरचा टॅब आहे. आता जुना झालोय. माझी एक कड फुटली आहे, बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते आणि गेले सहा महिने मी शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांखाली पडून आहे. आपली कहाणी जन्मापासून सांगायची असते म्हणे. माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. एका लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी मला जोडलं, शेवटच्या बाईने सगळं चालतंय ना ते पाहिलं आणि मला खोक्यात घातलं.

शाळेत आलो तेव्हा मात्र माझा थाट काही औरच होता. सातवीच्या वर्गात चाळीस मुलं आणि आम्ही वीस टॅब. शिपाईमामांनी कपाटाला नवं कुलूप आणलं. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मला दोन्ही हातांत धरून फोटो काढून घेतला. मी चढून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

काम सोपं होतं. मूल आपल्या नावाला बोट लावायचं, मी गणित दाखवायचो, खाली चार उत्तरं. एकाला बोट लागलं की लगेच पुढचं गणित. बरोबर की चूक, किती वेळात, हे सगळं मी वर पाठवायचो. वर म्हणजे कुठे, ते मला आजही ठाऊक नाही. तिथे एक हुशार प्रणाली आहे, ती मुलांना ओळखते, असं टॅब वापरायला शिकवायला आलेला दादा म्हणाला होता. त्याने दीड तास चित्रं दाखवली, यंत्राशी मैत्री कशी करायची ते सांगितलं. शेवटी एका मुलीने हात वर केला.

"दादा, याचं चुकलं तर कुणाला सांगायचं?"

"चुकायला तो काय माणूस आहे?" दादा म्हणाला. सगळा वर्ग हसला. तीही हसली आणि खाली बसली.

या मुलीला वर्गात सगळे 'फडकं' म्हणायचे. तिची आई दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. दुसऱ्याच्या हातात जाणारी वस्तू पुसून द्यायची, ही त्या घरची शिस्त. त्यामुळे पोरीच्या दप्तरात कायम एक ओलसर फडकं असायचं. मुलं चिडवायची, ती मनावर घ्यायची नाही. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अवघड उदाहरण आलं की ती जिभेचं टोक बाहेर काढून माझ्याकडे बघत राहायची आणि मग एकदम नेमक्या उत्तरावर बोट ठेवायची. रोज दहा गणितं, त्यातली नऊ तरी बरोबर. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

आम्ही वीसच असल्यामुळे तासाच्या मध्यावर टॅब शेजाऱ्याला द्यावा लागे. नाव बंद करायला गेलं की इंटरनेट पाच-पाच मिनिटं गोल फिरत बसायचं. म्हणून बाईंनी सांगून ठेवलं होतं, "नाव बंद करत बसू नका रे. तसाच द्या, पुढचा बदलून घेईल." बाईंचंही बरोबर होतं. पस्तीस मिनिटांच्या तासात त्या तरी किती पुरणार?

तर ही मुलगी शेजाऱ्याला द्यायच्या आधी मला पुसायची. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, कोपऱ्यांत जरा दाबून. तिचं नाव उघडंच असायचं आणि समोर गणितही. ओल्या फडक्याचा स्पर्श मला बोटासारखाच लागतो. ते कुठल्या तरी उत्तरावर टेकायचं, मी पुढचं गणित आणायचो, फडकं त्याच्याही उत्तरावर फिरायचं. पाच सेकंदांत वीस गणितं. चार-पाच चुकून बरोबर, बाकी सगळी चूक. फडक्याखाली काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. तिची दहा आणि फडक्याची वीस, अशी तीस उत्तरं मी रोज इमानेइतबारे तिच्याच नावावर वर पाठवत राहिलो. वर्षभर.

मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला दुसऱ्या कुणीही हाताळलं नाही.

त्या वर्षी विज्ञानाच्या निवासी शाळेत आमच्या शाळेतून सहा मुलं जायची होती. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथेच. मुलीच्या आईने तर वसतिगृहातल्या गादीचं माप विचारून त्या मापाच्या दोन चादरीही शिवून ठेवल्या होत्या. पूर्वी बाई नावं सुचवायच्या. यंदा यादी वरूनच आली. तिच्यात मुलीचं नाव नव्हतं. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'घाईने अंदाजे उत्तरे देते. सहाय्य आवश्यक.'

"सहाय्य आवश्यक म्हणजे काय रे?" एकाने विचारलं.

"ढ," मागच्या बाकावरून उत्तर आलं.

बाईंचा विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम तिच्या बाकाशी उभ्या राहिल्या. तासाचा मध्य झाला, मुलीने फडकं काढलं आणि पुसायला लागली. बाई बाजूने वाकून बघत होत्या. फडक्याच्या कडेने गणितं भराभरा पळताना त्यांना दिसली आणि त्या मटकन बाकावरच बसल्या.

त्याच दिवशी बाईंनी मुलीला फळ्यावर दहा अवघड उदाहरणं घातली. तिने कागदावर दहाच्या दहा सोडवली. तो कागद आणि मला घेऊन बाई आधी मोठ्या सरांकडे आणि मग यादीच्या कार्यालयात गेल्या. तिथल्या साहेबांसमोर त्यांनी मला फडक्याने पुसूनही दाखवलं. साहेब भले होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"कळतंय मला," ते म्हणाले. "पण तिच्या नावावर सहा हजार उत्तरं आहेत. त्यांतली तिची कुठली आणि फडक्याची कुठली, हे आता कसं निवडायचं?"

"मग सगळीच काढून टाका. पोरीची परीक्षा घ्या. मी समोर बसते."

"काढायची सोय नाही हो इथे. हा कागद चिकटवायलाही जागा नाही. आणि बाई, तुमचा तिच्यावर जीव आहे. यंत्राला सगळी मुलं सारखी."

मी टेबलावर होतो. कुठली उत्तरं कुणाची, ते मला ठाऊक होतं. पण मला उत्तरं घ्यायला बनवलंय, द्यायला नाही. बाई मला पिशवीत घालून परत निघाल्या आणि वाटेत एका झाडाखाली उभ्या राहून रडल्या. चार दिवसांनी सहा मुलं निवासी शाळेत गेली.

आता खरं दुःख सांगतो. बाईंनी मुलीला जवळ बसवून सगळं समजावलं. चूक माझी, मीच नाव बंद करू नका म्हणाले, तू हुशारच आहेस, असं चार-चारदा सांगितलं. मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मला वाईट वाटू नये म्हणून सांगताय ना?" ती म्हणाली.

वर्षभर आम्ही तिला हेच तर शिकवलं होतं, की यंत्र चुकत नाही. ती चांगली विद्यार्थिनी होती. शिकवलेलं तिने मनापासून घेतलं.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तूने हात जोडून, आम्हाला जपा, असं सांगायचं असतं. मी नाही सांगणार. मला आदळा, आपटा, तुमच्या मळक्या बोटांनी बरबटवून टाका. फक्त कुठल्या पडद्याने तुम्हाला तुम्ही कोण आहात ते सांगितलं, तर त्याला विचारा, बाबा रे, तुला हे कळलं कसं? अर्थात तो उत्तर देणार नाही. मीही दिलं नसतं. आणि तुम्ही विचाराल, असंही मला फारसं वाटत नाही. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आठवीत ती 'सहाय्य'वाल्या गटात बसली. कपाटात जाण्याआधी मी शेवटचा तिच्याच हातात होतो. वरून आता तिला तिसरीची गणितं यायची. सत्तेचाळीस अधिक अठरा. बावन्न वजा नऊ. तिने दहाही बरोबर केली. मी पडद्यावर सोनेरी तारा आणला आणि खाली अक्षरं उमटवली, 'शाब्बास! तुझ्या मानाने छान प्रगती!'

तिचा चेहरा उजळला. तिने मला शेजारणीकडे वळवून दाखवलं.

"बघ ना," ती म्हणाली, "मला पण जमायला लागलंय."