मुठीतला मिलो

दर सोमवारी दिवेलागणीच्या आधी आमच्या उत्रोलीच्या पडवीत सात-आठ बायका जमत आणि मी कहाणी सांगे. सासूबाई सांगत तशीच, एकोणीस वर्षं. ऐकणारीनं मुठीत दाणे धरायचे, कहाणी संपली की देवापुढे ठेवायचे आणि मग उपास सोडायचा. एकीच्याही मुठीत दाणे असेतो सांगणारीनं जेवायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात तांदूळ दिसेना झाला, तेव्हा मुठीत रेशनचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, आला.

कहाणी साधी. एक बाई होती. तिचा धनी कामाला म्हणून दूर गेला, तो आलाच नाही. ती रोज उंबऱ्यात दिवा ठेवी, त्याचं ताट झाकून ठेवी. शेवटी एका सोमवारी तो दारात उभा राही.

त्या दुष्काळातल्या एका सोमवारी पाण्याच्या चार खेपा करून मी थकले होते. जीभ आपली चालत होती. बायकाही पेंगत होत्या. तेवढ्यात किकवीहून नवी नांदायला आलेली फुलाबाई म्हणाली, "वैनी, दर खेपेला आपली 'एक बाई'. तिला काय नाव-गाव हाय का न्हाई?"

"तूच ठिव की नाव," चंद्राबाई म्हणाली. "बारशाला मिलोच्या घुगऱ्या वाटू."

सगळ्या हसल्या. मलाही जरा हुशारी वाटली. म्हटलं, बरं, सांगा कशी होती ती. मग काय! एकीनं तिचं नाव ठेवलं रत्नमाला, दुसरीनं तिला केतकीचा रंग दिला, तिसरीनं मोत्याची नथ. फुलाबाईनं अंजिरी लुगडं नेसवलं.

"अन् बाप भोरचा पेढीवाला," चंद्राबाई म्हणाली. "पानी भरायला दोन गडी. न्हाईतर ती काय आपल्यावानी रांगंत हुबी ऱ्हाती व्हय?"

मी त्या रत्नमालेला उंबऱ्यात बसवलं आणि पुढं सांगू लागले.

खांबापाशी साळूबाई बसायची. काळीसावळी, तोंडावर देवीचे व्रण. तिचा नवरा कोंडिबा धरणाच्या कामावर गेला त्याला अकरा वर्षं झाली होती. ना पत्र, ना निरोप. तिनं एक सोमवार चुकवला नव्हता. ती मध्येच उठली.

"का गं साळू?"

"काय न्हाई वैनी. तुमचं चालू द्या. ही कुनी दुसरीच हाय."

गेली. मूठ तशीच मिटलेली.

बाकीच्यांची कहाणी मी पुरी केली. त्या घरी जाऊन जेवल्या असतील. मी पाणी पिऊन पडले.

मंगळवारी उजाडताच तिच्या घरी गेले. चूल थंड होती. पदराच्या गाठीत दाणे बांधून ती भिंतीला टेकली होती.

"काल जेवली नाहीस?"

"दाने कुठं ठिवू? कहानी कुठं संपली?"

"माझं चुकलं गं. थट्टेत झालं."

"तुमी 'एक बाई' म्हनला की म्या हळूच आत शिरायची, वैनी. एवढी वर्सं तिथं म्याच बसलीया. काल त्या नथवालीनं मला उंबऱ्यावरनं उठिवलं."

मी समोर बसले. गाठ सोडून तिनं दाणे मुठीत घेतले. मी सुरू केलं, "एक बाई होती." तिचे डोळे मिटले. दिवा झाला, ताट झालं, सोमवार आला. आता तो दारात यायचा.

"थांबा," ती म्हणाली. "आज त्याला आनू नगा."

"अगं, कहाणीच तशी आहे."

"अकरा वर्सं तुमी आनताय. अन् म्या घरी यिऊन बघती तर दार रिकामंच. लई दमली वो वाट बघून. तिलाबी भूक लागली असंल का न्हाई?"

आदल्या दिवशी नाव-रंग घालताना जीभ अडली नव्हती, आता मात्र अडली. हात जोडून मनातल्या मनात देवाला विचारलं. काही उमटलं नाही. अंगणात कोंबडी माती उकरत होती.

"मग त्या बाईनं," मी म्हटलं, "झाकलेलं ताट आपल्यापुढं ओढलं आणि ती जेवली."

साळूबाईनं देवळीतल्या देवापुढे मूठ उघडली. मग पदर खोचून चुलीपाशी बसली.

"बसा वैनी. दोन भाकरी थापती. तुमीबी उपाशीच असाल."