पांढऱ्या तेरड्याची पुडी

“आता चिखल न्हाई, साप-इच्चू न्हाई, झाडलोट न्हाई. पाय घसरायचं टेन्शन न्हाई,” सुरज म्हणाला आणि आईच्या हातातली पिशवी घेऊन त्याने फाटक उघडलं.

वनमाला फाटकातच थांबली. पुण्यात, या मुलाच्या घरी राहून, तिच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून सात आठवडे झाले होते. आता सगळं स्वच्छ दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं. फाटकापासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून न्हाणीपर्यंत, लाल आणि करड्या सिमेंटच्या ठोकळ्यांची नागमोडी जुळणी तिला अगदी स्वच्छ दिसली.

“माती?” तिने विचारलं.

“ईतभर उकरून काढली मशीननं. खाली कच टाकून दाबून घेतलाय. शंभर वर्षं हलत न्हाई बघ.”

“टाकली कुठं?”

“काय?”

“माती.”

“गेली रोडच्या भरावात. आता त्याच्यावर डांबर बी पडलं आसंल. मातीचं काय इचारत बसलीस आई? तुला आवडलं का न्हाई ते सांग.”

“चांगलं केलंस,” वनमाला म्हणाली.

सुरज वाईट मुलगा नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण वाईट मुलांविषयी निदान तक्रार तरी करता येते. शेजारची म्हातारी अंगणात घसरून खुब्याचं हाड मोडून वर्षभर अंथरुणाला खिळलेली त्याने पाहिली होती. आपल्या आईचं तसं होऊ नये म्हणून त्याने रजा खर्चून, स्वतः उभं राहून हे काम करून घेतलं होतं. प्रेमापोटी केलेल्या नासधुशीविरुद्ध बोलायला मराठीत शब्द नाहीत. जे आहेत ते कृतघ्न माणसाच्या तोंडी घातले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुण्याला परतला आणि वनमाला ओट्यावर बसून ठोकळ्यांकडे पाहू लागली.

सिरसाळ्यातल्या त्या दोन खोल्यांपुढे बत्तीस वर्षं बाग होती. बाग हा शब्द जरा मोठाच झाला. बाग साहेबांच्या बंगल्याला असते. दवाखान्यातल्या आयाच्या दारात नुसती फुलझाडं असतात. झिनिया, कोंबडा, बटणफूल, गुलखैरा, चिनी गुलाब. एका हंगामात उगवणारी, फुलणारी, बी धरून मरून जाणारी ही झाडं आता रोपवाटिकेतही कोणी मागत नाही. या साऱ्यांचं बी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत, राख मिसळून, तिच्या फळीवर शाबूत होतं. नव्हतं ते फक्त तेरड्याचं. दुहेरी पाकळ्यांचा पांढरा तेरडा, पांढऱ्यावर जांभळे शिंतोडे. आणि आता निदान एखाद्या कुंडीत लावायला तिला हवा होता तोच.

त्याचं बी का नव्हतं, याचं कारण तिच्या नोकरीत होतं. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात वनमाला एकतीस वर्षं आया होती. कोणत्याही नियमावलीत न लिहिलेलं एक काम त्या वॉर्डात तिच्याकडे आपोआप आलेलं होतं. मुलगा झाला की ती बातमी सांगायला बाहेर जाण्याची सगळ्यांनाच घाई असे. मुलगी झाली की म्हणत, “वनमाला, तू सांग जाऊन.” अशा वेळी “लक्ष्मी आली” म्हणायची पद्धत आहे. वनमालाने तो शब्द कधी वापरला नाही. जिथे पोर नकोशी असते तिथेच ही देवी हटकून अवतरते, हे तिच्या फार लवकर लक्षात आलं होतं. ती एवढंच म्हणे, “पोरगी हाय. दोघी बऱ्या हायत.” मग जमलेल्या पुरुषांना एकाएकी चहाची आठवण होई. वनमाला आत जाई आणि बाळंतिणीच्या मुठीत एक पुडी ठेवी. जुन्या केसपेपरच्या तुकड्यात, औषधाची बांधतात तशी बांधलेली, तेरड्याच्या वीस-पंचवीस बियांची. “पाऊस झाला की टाक. आठ दिवसांत उगवतं,” असं म्हणून ती पुढच्या खाटेकडे वळे. पुढच्या खाटेवर बहुधा पेढे आलेले असत.

या पुड्यांसाठी ती दर भाद्रपदात बी धरत असे. ते काम सोपं नाही. तेरड्याचं पिकलेलं बोंड बोट लागताच फुटतं आणि बी उधळून देतं. फुटण्याआधी त्याच्याभोवती मूठ मिटावी लागते. ती निवृत्त झाली, पुड्या थांबल्या आणि बी धरणंही थांबलं. स्वतःसाठी धरायची तिला कधी गरजच पडली नव्हती. उधळलेलं बी अंगणातच पडे आणि पुढच्या ज्येष्ठात आपणहून वर येई. लोकांसाठी पुडीत, आपल्यासाठी जमिनीत. पायाखालची माती कोणी उचलून नेऊ शकतं, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपल्याकडे म्हणतात. रुजलेला तेरडा दोन महिने फुलतो. तीन दिवस टिकतो तो तोडलेला. म्हणी बहुधा तोडणाऱ्यांनीच रचलेल्या असतात.

दिलेलं बी परत मागायला जाऊ नये, अशी तिच्या सासूची शिकवण होती. वनमाला चार दिवस ती पाळत बसली. पाचव्या दिवशी तिने चपला घातल्या आणि ती गौसियाच्या घरी गेली.

गौसियाचं घर मोटारसायकल दुरुस्तीच्या गॅरेजमागेच होतं. तिची शाईस्ता वनमालाच्या हातावर जन्मली, त्याला आता चोवीस वर्षं झाली होती.

“या बाई, बसा. डोळा कसा हाय?” गौसियाने खुर्ची पुढे ओढली. “तेरडा ना? होता की. लई फुलायचा. शाईस्ताच्या नखांना मी त्याचाच रंग लावायची, मेंदी आनायला कोन जातंय. भित्तीच्या कडंनं समदी रांग होती.”

“मग?”

“मग तिचं लगीन झालं, परभनीला गेली. त्याच साली म्या उपटून टाकला समदा.”

“कावून?”

“सकाळी दार उघडलं की तेच दिसायचं, बाई.”

तिचा नवरा मुस्तकीम एका उघड्या इंजिनासमोर उकिडवा बसला होता. त्याने मान न वळवताच म्हटलं, “बाई, मी आनून देतो की नर्सरीतनं. काळ्या पिशवीतलं. आनलं त्याच दिवशी फुललेलं आसतंय.”

“त्याला बी धरतं का?”

“बी कशाला पायजे? संपलं की दुसरं आनायचं. गाडी हाय का ती, दुरुस्त करून वापरायला?”

“ह्यांचं काय आयकता,” गौसिया म्हणाली, “ह्यांना हिरवं समदं मेथीच वाटतंय.” मग ती एकदम थांबली. “बाई, छबू आठवती का? माझ्या शेजारच्या खाटेवरची, मळ्यातली. आमाला एकाच दिवशी पुडी दिलती तुमी. ती येती आजून बाजारला. मागं म्हनली, बाईनं दिलेलं बी हाय माझ्याकडं, जपून ठिवलंय.”

वनमाला त्याच पावली टमटमच्या थांब्यावर गेली. गेल्या पाच दिवसांत ती प्रथमच घाईने चालत होती. जपून ठेवलंय या दोन शब्दांपलीकडे तिने विचार केला नाही. तिच्यासारख्या जाणत्या बाईने तो करायला हवा होता.

छबुबाईचा मळा रस्त्यापासून आत होता. वनमालाला पाहताच ती हातातली वैरण टाकून धावत आली, पाया पडली आणि तिने आत हाक मारली, “तेजू, बघ कोन आलंय. तुला पयल्यांदा ह्यांनी हातात घेतलं.” तेजश्री कमरेवर हात ठेवून सावकाश बाहेर आली. नववा महिना लागला होता.

“सासूनं नवस केलाय पोराचा,” तेजश्री पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली. “मला इचारून न्हाई केला.”

“देवाला बी इचारलं नसंल,” वनमाला म्हणाली आणि तिघी हसल्या.

तिने येण्याचं कारण सांगितलं तेव्हा छबुबाईचा चेहरा उजळला. ती देवघरात गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली, आणि करंड्याच्या तळातून तिने पुडी काढली. कागद पिवळा पडला होता. घड्या मात्र वनमालाच्याच हातच्या होत्या. चोवीस वर्षांत त्या कोणी उलगडल्या नव्हत्या.

“टाकलं न्हाईस?”

“आमची आत्याबाई म्हनली, पोरगी झाली म्हनून आंगन सजवती का. मग ऱ्हाऊ दिलं. म्हनलं, हिला पोरगी झाली तर हिच्या हातात द्यावं. त्या दिवशी मला कुनी काय दिलं न्हवतं, बाई. तुमी दिलतं.” तिने पुडी उघडून पुढे केली. “पन तुमाला पायजे तर घ्या. निम्मं घ्या.”

वनमालाने एक बी उचललं आणि दोन नखांमध्ये दाबलं. जिवंत बी नखाखाली ओलसर, पांढरं लागतं. याची नुसती भुकटी झाली. दुसरं उचललं. तिसरं उचललं. एवढ्यावर थांबून, पुडी तशीच मिटून, काही न बोलता निघून जाता आलं असतं. पण वॉर्डाच्या दारात उभं राहून तिने कधी कोणाला गोड करून बातमी दिली नव्हती.

“छबू, हे मेलंय.”

“मेलंय म्हंजी?”

“आतला गर वाळून गेलाय. चार-पाच वर्षांच्या आत टाकायला पायजे होतं.”

छबुबाई पुडीकडे पाहत राहिली. “मी तर ऊन लागू दिलं न्हाई त्याला. उंदीर लागू दिला न्हाई. घर गळायचं, तवा पयल्यांदा हा करंडा उचलायची.” मग तिने विचारलं, “जपून ठिवलं म्हनूनच मेलं का?”

“हां,” वनमाला म्हणाली.

तेजश्री भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. छबुबाईने पुडी जुन्याच घड्यांवर मिटली, करंड्यात ठेवली, झाकण लावलं. “च्या टाकते,” ती म्हणाली.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी तिचा फोन आला. “बाई, पोरगी झाली. दवाखान्यात हाय. सासरचं कुनी आलं न्हाई आजून.”

वनमाला फळीपाशी गेली. तिथे झिनियाचं बी होतं, कोंबड्याचं होतं. तिने एक बाटली उचलली आणि परत ठेवली. एका वस्तूच्या जागी दुसरी दिली की भागतं, असं मानणाऱ्यांनीच तिच्या अंगणात ठोकळे बसवले होते. ती मोकळ्या हातांनी निघाली.

वॉर्ड तोच होता, खाटा बदलल्या होत्या. छबुबाई दूध आणायला खाली गेली होती. तेजश्री कुशीवर निजली होती. वनमालाला पाहून तिने उशीखालून पिवळ्या कागदाचा कोपरा दाखवला.

“आईनं दिली. मला म्हाईत हाय ती मेलेली हाय, मी आयकलंय त्या दिवशी. तिला म्हनले, पाऊस झाला की टाकते.”

“बरं केलंस.”

“तुमी बसा थोडं. कुनीच आलं न्हाई.”

एकतीस वर्षांत वनमाला या वॉर्डात कोणाजवळ बसली नव्हती. पुडी द्यायची आणि निघायचं. पुडी होती म्हणून निघता येत होतं, हे तिला आज कळलं. द्यायला काही नसलं की बसावं लागतं. ती स्टुलावर बसली आणि तिने पोर मांडीवर घेतली. तेजश्रीचे डोळे मिटले. दाराशी पावलं वाजली की ते उघडत, आणि पावलं पुढे गेली की पुन्हा मिटत. असं पुष्कळदा झालं.

भेटीची वेळ संपली तशी वॉर्डातली आया आली. तरुण होती, नवी होती, वनमालाला ओळखत नव्हती.

“आजी, टायम झाला. तुमी पेशंटच्या कोन?”

वनमालाने तेजश्रीकडे पाहिलं. तिला झोप लागली होती.

“कुनी न्हाई,” ती म्हणाली.

उठण्याआधी तिने दुपटं सैल केलं आणि पोरीच्या हातांची बोटं मोजली, मग पायांची. सगळी होती. दुपटं पुन्हा घट्ट बांधून तिने पोर आईच्या कुशीत ठेवली, खाटेखालच्या चपला पायाने शोधल्या आणि ती दाराकडे निघाली.