वोर्शाचं कुरण

कोळशाच्या खाणीसाठी पूर्व जर्मनीच्या लुसातिया भागातलं आमचं गाव उठवायचं ठरलं, तेव्हा शेतांची जुनी नावं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. नव्या वसाहतीतल्या गल्ल्यांना तीच द्यायची होती. अट एकच: नावाचं मूळ थेट हजारभर वर्षांपूर्वीच्या आदिस्लाव्ह भाषेपर्यंत पोचलं पाहिजे. 'लिपनिक' म्हणजे लिंडनच्या झाडांचा माळ, असं.

मिक्लाव्श म्हातारा रोज माझ्या कचेरीच्या दारात ठाण मांडून बसे. ओढ्याकाठच्या त्याच्या कुरणाला सगळं गाव 'वोर्शिना' म्हणे. वोर्शा ही त्याची मुलगी. सात वर्षांची असताना तिथंच बुडाली.

"लिही की गं बाई."

"काका, नाव हजार वर्षांचं लागतं. हे तर चाळीस वर्षांचं."

"मग उरलेली नऊशे साठ मी इथंच बसून काढू?"

मला हसू फुटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. कबरीतली हाडं खाणवाले हलवणार होते. कुरण कोण हलवणार?

त्या संध्याकाळी मी नको ते केलं. कुठल्याच कागदावर न सापडणारा मूळ शब्द आम्ही भाषा-अभ्यासक आजच्या भाषांवरून ताडून रचतो आणि त्याच्याआधी एक तारा काढतो. वोर्शिनापुढे मी तारा काढला आणि लिहिलं, 'व्रख, म्हणजे माथा, उंचवटा'. नावं मंजूर करणाऱ्या समितीतल्या विद्वानांनी माना डोलावल्या. कुरण बघायला एकही माणूस फिरकला नव्हता.

गल्लीची पाटी लागली त्या दिवशी मिक्लाव्श टोपी काढून तिच्यापुढे उभा राहिला. नावाखाली माझं स्पष्टीकरण कोरलेलं होतं, ताऱ्यासकट.

"माथा? अगं, तिथं कमरेएवढं पाणी असायचं."

"काका, नाव तर राहिलं ना?"

"राहिलं. पण माझ्या पोरीचं कुठं राहिलं?" त्यानं ताऱ्यावर बोट टेकवलं. "आणि हे काय?"

आता आणखी खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती.

"म्हणजे, हा शब्द कुणाच्या तोंडून कधी कुणी ऐकलेला नाही."

म्हाताऱ्यानं ताऱ्यावरचं बोट काढलं आणि टोपी डोक्यावर घातली.

"ती बुडाली त्या दिवशी मी अंधार पडेपर्यंत तिच्या नावानं हाका मारत होतो," तो म्हणाला.