भरलेली ताटं

मालिका बघताना पद्मराज आप्पांना एकच गोष्ट टोचायची. ही माणसं जेवत का नाहीत?

निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत हयात घालवून आप्पा घरी बसले आणि त्यांना या मालिकांचा नाद लागला. नाद कसला, लेकीच्या मागं मागं जायची वाट होती ती. सोनल बंगळूरला एका कर्ज देणाऱ्या कंपनीत फायली तपासायची. फोनवर कामाचं विचारलं की म्हणायची, "आप्पा, सांगून तुमास्नी कळायचं न्हाय." मग आप्पा बँकांच्या, मंत्र्यांच्या, शेअर बाजाराच्या मालिका हुडकून बघायचे. काचेच्या उंच इमारती, काळ्या गाड्या, बंद दारामागची कुजबुज. कुणी 'विश्वास ठेव' म्हणालं की पुढच्या भागात तोच दगा देणार, हे त्यांना आता आधीच उमगायचं. छाती धडधडायची. पण डोळा जायचा टेबलाकडं. ताटं भरलेली, वाफ निघतेय, आणि फोन वाजला की माणूस उठून चालता. घास तसाच.

"अंधार पडल्यावर खात न्हाईत म्हणजे आपल्यातलीच असतील," त्यांची बायको राजमती भाकरी थापता थापता हसायची. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली.

"थट्टा नको गं. मालिकेतल्या त्या पोरीकडं बघ. मंत्र्याच्या मेव्हण्याची खोटी फाईल तिच्या पुढ्यात टाकल्या. नऊ भाग झालं, 'जेवलीस काय' म्हणून इचारायला कोण आलं न्हाय. आईबाप न्हाईत व्हय तिला?"

दहावा, शेवटचा भाग आप्पांनी लावलाच नव्हता. पोरीचं काय होतंय कुणास ठाऊक, या धास्तीनं तसाच ठेवून दिला होता; फोनवर सोनललाही तसं सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी सोनल आली. हायवेवर बसमधून उतरली ती फोनकडं बघतच. साडेपाचला राजमतीनं पाट मांडला. दोडक्याची भाजी, शेंगांची चटणी, वरण. तव्यावरची भाकरी उलटताना ती आपल्याच नादात गुणगुणत होती,

"लेक बसली काचंत, खाली दिसंना माती गं
दिस लागला बुडाया, कोण वाढील ताटी गं"

सोनलनं भाकरी मोडली. फोन थरथरला. तिनं बघितलं, आणि ताट हळूच बाजूला सारलं. "भूक न्हाय आई." उठून मागच्या पायरीवर जाऊन बसली.

आप्पांच्या छातीत तीच धडधड. इथं मालिकेतली वाजंत्री तेवढी नव्हती. ते ताट उचलून तिच्यामागं गेले, शेजारी टेकले.

"कुणाची फाईल हाय?"

सोनल दचकली. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"ताटानं."

मग ती बोलली. एका पुढाऱ्याच्या पाहुण्याचा कारखाना. कागदावर शेड, यंत्रं, सगळं झोकात. ती स्वतः जाऊन बघून आली तर नुसता माळ, आणि माळावर चार शेळ्या. "साहेब म्हणत्यात, सोमवारी सही कर, न्हायतर राजीनामा दे. आप्पा, नोकरी लागली तवा तुम्ही सगळ्या गल्लीत पेढं वाटलासा."

मालिकेतली मोठमोठी वाक्यं आप्पांना आठवली. सत्य, लढाई, किंमत.

"आपल्या गल्लीतल्या परशरामचा टेंपो हाय," ते म्हणाले.

"काय?"

"तुझी कॉट, कपाट, शेगडी. एका खेपंत येतंय सगळं. कवा यायचं तेवढं सांग. पत्ता लिहून दे. वाटंत कन्नड मी बोलतो."

सोनलला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. "लोक काय म्हणतील?"

"पेढं खाल्ल्यात न्हवं? गप बसत्याल."

तिनं फोन घेऊन साहेबांना दोनच ओळी लिहिल्या. जागेवर कारखाना नाही. मी सही करणार नाही. क्षणभर अंगठा अडखळला. आप्पांनी तिकडं बघितलं नाही, भाजी निवू नये म्हणून ताटावर हात धरून बसले. ओळी गेल्या.

"बोटभर दिस उरलाय," आतून राजमतीचा आवाज आला. "बाप-लेकीचं झालं असंल तर घास घ्या."

सोनल तिथंच पायरीवर जेवली. दुसरी भाकरी मागून घेतली. चटणीची शेवटची बुकणीसुद्धा बोटानं टिपली. मग रिकामं ताट मांडीवर घेऊन म्हणाली, "आप्पा, तुमचा त्यो शेवटचा भाग लावू?"

"लाव," आप्पा म्हणाले. "पर आधी परशरामला फोन करू दे."