बिनआवाजाची पेटी

चेन्नईच्या कंप्युटर बाजारात, रिची स्ट्रीटवर, एकच वस्तू पुन्हा पुन्हा परत करणारी बाई म्हणून माझं नाव झालं, ते सासऱ्यांमुळे. सादिकभाईच्या दुकानात मी पाय ठेवला की तो आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग वर छताकडे. त्याला तिथं अल्ला दिसत असावा. मला त्या बोळातल्या उकाड्यात नुसत्या वायरी दिसायच्या.

सासरे म्हणजे सेतुरामन, वय अठ्ठ्याहत्तर. नंगनल्लूरच्या आमच्या घरी ते गाणं शिकवतात. घरात आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. त्यांच्या गुरूंच्या घरात एकसष्ट रचना अशा होत्या की ज्या दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नाहीत. गुरूंनी त्या कधी कागदावर उतरू दिल्या नाहीत, पण म्हातारपणी शिकवता शिकवता व्हिडिओवर भरू दिल्या. आता ते सगळं अप्पांना टीव्हीवर बघून, ऐकून, स्वरलिपीत लिहून काढायचं होतं. गुरूंचे ओठ नि हात दिसले की स्वर कुठं हलवला ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. "मी आहे तोवर झालं तर झालं," असं ते पोस्टाच्या वेळा सांगाव्यात तसं शांतपणे सांगत, आणि मला जेवण जात नसे.

माझ्या नवऱ्यानं, नटेशननं, ते सगळं एका मोठ्या डिस्कवर चढवलं आणि "आता पुढचं तू बघ, कोमळा," म्हणून पेपरात डोकं घातलं. टीव्हीला ती डिस्क पचेना. टीव्हीला लावायची काडी, म्हणजे ती स्टिक, आणली, तर गुरू प्रत्येक तिसऱ्या ओळीला तोंड उघडं ठेवून गोठायचे. मग सादिकभाईनं तोड सांगितली. तळहाताएवढा छोटा कंप्युटर, पेटीच म्हणा, घ्यायचा, टीव्हीमागं चिकटवायचा, डिस्क त्याला जोडायची. मग तेच गाणं टीव्हीवर बघा, फोनवर बघा, अप्पांच्या न्यू जर्सीतल्या शिष्यालाही इथूनच दाखवा.

मी आठवडाभर लोकांची मतं वाचली. एक म्हणतो आठ जीबी पुरे, दुसरा म्हणतो सोळाशिवाय तोंड दाखवू नका. एक ज्या प्रोसेसरची आरती ओवाळतो, त्यालाच दुसरा लाखोली वाहतो. वीज मंडळात अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी नोंदवल्या, पण इतकी तिरपागडी माणसं तिथंही पाहिली नव्हती. शेवटी डोकं बाजूला ठेवलं आणि दुकानातली सगळ्यात स्वस्त पेटी उचलली.

ती चालली. छान चालली. फक्त तिच्या पोटातला पंखा घोंघावायचा. अप्पांची ऐकायची वेळ दुपारी दोन ते चार. दार बंद, खिडक्या बंद, छताचा पंखासुद्धा बंद, कारण तो कागद उडवतो आणि लयीत फिरत नाही. मे महिन्यात, चेन्नईत. मी मदतीला म्हणून शेजारी बसून भिजलेल्या पोत्यासारखी व्हायची. चार दिवसांत सहा रचना लिहून झाल्या, पण रोज जेवताना अप्पांचं एकच पालुपद, ही पेटी आहे की पिठाची गिरणी. मला वाटलं, उरल्या आयुष्यात माणसाला एक शांत पेटी मिळू नये? गेले आणि बदलून आणली.

इथंच माझं चुकलं.

दुसरी पेटी खरोखर हळू होती. मला तर तिचा आवाज कान लावल्याशिवाय येत नव्हता. अप्पा पाच मिनिटं बसले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "हिचा आवाज बारीक आहे मा, पण बेसूर आहे. वरच्या षड्जाला केसभर कमी." आमच्या गल्लीत कुकरची शिट्टी कुठल्या स्वरात झाली यावर दोन घरांत अबोला होऊ शकतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. वैताग मात्र आला. दोन दिवसांत अप्पांनी एक ओळ लिहिली आणि खोडली. गुरूंचा स्वर ऐकावा तर त्याला ही पेटी चिकटते, म्हणाले.

सादिकभाईला मी हे कसं सांगितलं ते माझं मला माहीत. त्यानं पेटी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"अक्का, तुम्हाला कंप्युटर पाहिजे की तंबोरा?"

"तंबोराच पाहिजे समज. सुरातला दे."

त्यानं तिसरी दिली, आणखी महाग, आणखी हळू. घरी आणली, लावली, दारं लावून घामाच्या धारांत बसलो. अप्पांनी मान तिरकी केली. पुन्हा तेच. षड्जाला केसभर कमी, आणि या वेळी जास्तच स्पष्ट. भाईला विचारलं तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. सगळ्या पेट्यांचे पंखे एकाच कारखान्यातून येतात, म्हणाला, मग एक बेसूर तर सगळे बेसूर. मला ते पटलं. अप्पांनाही पटलं. नटेशन म्हणाला, अप्पांच्या कानात कापूस घाला, आणि जेवायला बसला. त्याच्या ताटात मी त्या दिवशी रसम वाढलंच नाही.

मग मी चौथी आणली. हिला पंखाच नव्हता. नुसता लोखंडी ठोकळा, वर खाचा, तापला तर आपोआप निवणारा. भाईनं ती सोन्यासारखी काढून दिली आणि बजावलं, "हिच्या आत फिरणारं काही नाही. आता तक्रार आणलीत तर मी दुकान विकून मदुराईला जातो."

दोन वाजता सगळं बंद करून बसलो. पडद्यावर गुरू मांडी घालून बसले, त्यांनी तोंड उघडलं. अप्पांनी हात वर करून मला थांबवायला सांगितलं. थांबवलं.

"तीच," ते म्हणाले.

माझा तोल गेला. इतक्या दिवसांचा घाम, बसचे धक्के, दुकानातलं हसू, सगळं एकदम वर आलं. मी म्हणाले, "यात पंखा नाही अप्पा. हलणारी एक वस्तू नाही. हा दगड आहे. दगड गातो का?"

"गातोय मा. मी काय करू?"

"मग काय करायचं ते मी करते." मी उठले, वायर उपटली, पेटी काढली, स्वयंपाकघरात नेली आणि तांदळाच्या डब्यात कोंबून झाकण लावलं. येताना टीव्हीचंही बटण बंद केलं. "आता? आता कोण गातंय?"

अप्पा तसेच बसले होते, मान तिरकी. मी उत्तराची वाट बघत कमरेवर हात ठेवून उभी होते. मग त्यांनी गाताना स्वर तपासायला कानावर हात ठेवतात तसा डाव्या कानावर तळवा ठेवला. मग उजव्यावर. मग दोन्हींवर. आवाज बाहेरचा असता तर कान झाकल्यावर तो कमी झाला असता. अप्पांचा चेहरा बघून मला कळलं की तो वाढला होता.

"अजून आहे," ते म्हणाले. "तोच. केसभर कमी."

मघाशी जे बोलले त्याची इतकी लाज वाटली की मी तिथंच जमिनीवर बसले. वर्गात सूर धरणारी श्रुतीपेटी सतत चालू, रात्री छताचा पंखा चालू. एवढे दोन तासच घर निःशब्द असायचं, आणि ते मी पैसे मोजून आणखी निःशब्द करत नेलं होतं.

अप्पा माझ्याआधी सावरले. मी कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणाले, ने, पण या वयात कान नवे मिळत नाहीत. मग एखाद्या शिष्याची चूक शोधावी तसे ते आपल्याच कानाच्या मागं लागले. छताचा पंखा लावायला सांगितला, ऐकला, मान हलवली. याचा आवाज खालचा आहे, म्हणाले, झोपेपुरतं भागतं, पण ऐकायला बसलं की हे वरचं त्यानं झाकत नाही.

"ती पहिली गिरणी वर वाजायची. तिच्याखाली हे दबलं होतं, म्हणून तर सहा झाल्या."

मग ते थोडं पुढं वाकले. "कुणाला सांगू नकोस मा. नटेशनला पण नको. ज्याच्या कानातला षड्ज उतरलाय, त्याच्याकडे कोण पोरं पाठवेल? अजून पंचावन्न राहिल्यात."

दुसऱ्या दिवशी तांदूळ झटकून मी ती पेटी घेऊन रिची स्ट्रीटवर गेले. सादिकभाईनं पिशवी बघितली. या वेळी त्यानं छताकडे बघितलंच नाही, नुसते डोळे मिटले.

"आता काय झालं अक्का?"

"फार शांत आहे. मला सगळ्यात जास्त आवाज करणारी दे. वरच्या पट्टीत करणारी."

त्यानं डोळे उघडले. पहिली पेटी कधीच विकली गेली होती. पण तसल्याच पाच जुन्या पेट्या त्यानं फळीवरून उतरवल्या, आणि हात तिथंच ठेवून विचारलं, "सासरेबुवांना चालेल का पण? त्यांचे कान तर फार तिखट."

"त्यांचं कधी काही नव्हतंच," मी म्हणाले. "खूळ माझंच होतं. उगाच त्या म्हाताऱ्या माणसाचं नाव पुढं केलं."

मग त्यानं एकेक पेटी चालू केली. मी वाकून प्रत्येकीला कान लावला आणि तिसरी घेतली, कारण ती गिरणीसारखी वाजत होती. मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला भाई हळूच म्हणाला, जरा जपून, बाई वेडी आहे. मी ऐकलं आणि पिशवी पुढं केली.