टर्बोतला रतीब

मी एक जुनी टर्बो मोटार आहे. मित्रांनो, रस्त्यावर चाकं फिरवणाऱ्या प्रत्येक वस्तूला तुम्ही गाडी म्हणता, हे मला मुळीच पसंत नाही. बहुतेक गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. माझं तसं नाही. माझ्या इंजिनाशेजारी एक लहानशी चक्की आहे. धुराड्याकडे निघालेल्या गरम वायूच्या जोरावर ती गरगर फिरते आणि इंजिनात जादा हवा कोंबते. तिलाच टर्बो म्हणतात. इंजिन हळू चालत असलं की ती झोपलेली असते. रेस वाढली की जागी होते, आणि मग आत बसलेल्याची पाठ आसनाला चिकटते.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथं मला इतक्या निगुतीनं घडवलं की जगात सगळे असेच नेटके असतील, असं मला वाटलं. मग माणसं भेटली. माझा पहिला मालक पुण्याचा एक दिवटा होता. सिग्नलला उभं राहून उगाच गुरगुरायचं आणि कुणी वळून पाहिलं की टायर जाळायचे, एवढीच त्याची विद्या. इंजिनाचं ऑइल बदलावं लागतं हे त्याला कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. माझा क्लच घसरू लागला तसा त्यानं मला फुंकून टाकलं.

अशी मी संभाजीनगरला, क्रांती चौकाजवळच्या नवाबभाईच्या आवारात आले. नवाबभाई जुन्या गाड्यांचा व्यापारी. त्यानं क्लच बदलला, मला पॉलिश केलं, आत अत्तर मारलं, आणि एका दुपारी शेंद्र्याकडचा बद्रीनाथ मला बघायला आला. त्यानं टायरला लाथ मारली, हॉर्न वाजवला, गाणी मोठ्यानं लावून पाहिली. झाली परीक्षा! बॉनेट उघडावं हे काही त्याला सुचलं नाही.

"डागदरसाब की गाडी है, शेठ," नवाबभाई म्हणाला. "दवाखाने से घर, घर से दवाखाना. बस."

'शेठ' ऐकल्याबरोबर बद्रीनाथ हरभऱ्याच्या झाडावर चढला. आपला धडधाकट टेम्पो त्यानं तिथंच बदल्यात देऊन टाकला, वर नोटाही मोजल्या.

घरी त्याची बायको द्वारकाबाई गोठ्यातून बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मागं पाहिलं.

"अहो, टेम्पो कुठंय?"

"अगं, ही बघ की! टर्बो हाय टर्बो!"

"ते ऱ्हाऊ द्या. सकाळी दूध कशात न्यायचं?"

मित्रांनो, त्या घराचा सगळा संसार द्वारकाबाईच्या म्हशींवर आणि शहरातल्या रतिबावर उभा होता. रोज पहाटे ती स्वतः टेम्पो चालवत सिडकोत घरोघर दूध घालायची. बद्रीनाथानं त्या रतिबाचे पायच विकून टाकले होते. मला मात्र तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. दुधाशी माझा काय संबंध?

दुसऱ्या दिवशी माझी पूजा झाली. माझ्या बॉनेटवर एक खाच आहे. तिच्यातून गार हवा आत जाते आणि माझं डोकं थंड राहतं. बद्रीनाथानं तिच्यात झेंडूचा भला मोठा हार कोंबला. "हार घालायलाच भोक ठेवलंय बघा कंपनीनं," असंही वर सांगितलं. मी आठवडाभर झेंडू भाजत हिंडले.

आणि चालवणं तर विचारूच नका. हा गृहस्थ मला घाबरायचा! दुसऱ्या गिअरच्या पलीकडे जायची त्याची छाती होत नव्हती. माझी चक्की त्याच्या हाताखाली एकदाही जागी झाली नाही. टपरीवर चहा पिताना मात्र सांगायचा, "काल जालना रोडला दोनशेनं काढली." काल आम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागं चाललो होतो, आणि ट्रॅक्टर पुढं निघून गेला होता. नाचता येईना, अंगण वाकडं म्हणतात. याला अंगणात उतरायचीही भीती.

इकडे दूध तो मोटारसायकलवरून नेऊ लागला. उठायचा उन्हं आल्यावर. वैशाखात दूध वाटेतच नासलं. सिडकोतल्या जुन्या गिऱ्हाईक मेहरुन्निसाबाईंनी द्वारकाबाईला फोन केला. त्यांचा आवाज अंगणात मलाही ऐकू आला. "द्वारका, कल भी ऐसाइच हुआ तो मैं पाकीट का दूध चालू करतूं. बुरा नक्को मान."

त्यानंतरच्या पहाटे द्वारकाबाईनं खुंटीवरची किल्ली काढली. माझ्या चामडी आसनांवर तिनं गोणपाट अंथरलं आणि दुधाचे कॅन आत चढवले. संतापानं माझ्या काचा तडकायच्या बाकी होत्या. माझ्यात कॅन! पण बाई रस्त्याला लागली. पुढं कंपनीची बस रेंगाळत होती, उजाडायला लागलं होतं, दूध तापायच्या आत पोहोचायचं होतं. तिनं गिअर बदलला आणि पाय दाबला.

माझी चक्की जागी झाली.

"अगं बाई!" ती म्हणाली. पण पाय काढला नाही. बस मागं पडली. कॅन जागचे हलले नाहीत, कारण तिनं वळण घेताना मला एकदाही हिसका दिला नाही. दूध मापताना तिनं इंजिन चालूच ठेवलं, आणि ऑइल फिरत राहिल्यानं माझी तापलेली चक्की तेवढ्यात निवांत थंड झाली. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. तिला फक्त घाई होती. मित्रांनो, खरं सांगते, त्या सकाळी मला फार आनंद झाला. मला वाटलं, अखेर माझी लायकी ओळखणारं माणूस भेटलं.

रतीब सावरला. पण टपरीवर, कंपनीच्या त्या बसनं कामाला जाणाऱ्या पुंजाराम नावाच्या मित्रानं बद्रीनाथाला छेडलं. "तुझ्या बायकोनं काल आमची बस मागं टाकली गड्या. तू कधी टाकनार?"

झालं! शेठ पेटले. पुंजारामाला शेजारी बसवून त्यानं मला रिकाम्या रस्त्यावर नेलं, डोळे मिटल्यासारखा पाय दाबला. चक्की जागी झाली मात्र, याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मी बाभळीशेजारी आडवी थांबले.

"गाडीत कचरा आलाय," तो म्हणाला. पुंजाराम हसत हसत पायी गेला.

घरी येऊन त्यानं बायकोवर राग काढला. "उद्यापासनं गाडीला हात लावायचा नाय. दुधाचा वास मारतोय. लोक हसतेत मला!"

"अन् रतीब?"

"बंद कर तुझा रतीब!"

पहाटे तो घोरत असताना द्वारकाबाईनं नेहमीसारखे कॅन भरले, घरोघर दूध घातलं, आणि मला थेट नवाबभाईच्या आवारात उभं केलं.

"भाभी, भाईसाब को पूछे क्या?" नवाबभाई चाचरला.

"कागदं कुनाच्या नावावर हायेत, ते बगा."

ज्योतिषानं बद्रीनाथाला सांगितलं होतं की तुझ्या पत्रिकेत वाहनयोग नाही, बायकोच्या आहे. म्हणून शहाण्यानं मला तिच्याच नावावर घेतलं होतं.

"लेकिन गाडी तो अच्छी है, भाभी. क्यों बेचते?"

"चांगली हाय, नाय कोन म्हनतंय?" ती म्हणाली. "पर कॅन मावत न्हाईत, अन् म्हशींच्या पेंडीपरीस हिलाच जास्ती लागतं. मला तो टेम्पो द्या."

मित्रांनो, आयुष्यभर मी माणसांना नावं ठेवली. कुणी मला मूर्ख भेटलं, कुणी भेकड. पण जिला मी मनापासून मानलं, तिनं मला असं भाजीसारखं निवडून बाजूला ठेवलं. ते मला फार लागलं. तिनं रिकामे कॅन माझ्यातून काढले, टेम्पोत ओळीनं लावले आणि खडखडाट करत निघून गेली. तिनं वळून पाहिलं नाही. त्या पत्र्याच्या डब्याचा मला हेवा वाटला.

तेव्हा एक विनंती आहे. मला बघायला आलात तर टायरला लाथ मारू नका, हॉर्न वाजवू नका. पहाटे उठून तुम्हाला कुठं जायचं असतं, तेवढं आधी सांगा. कुठंच जायचं नसेल, तर माझ्या दाराला हात लावू नका.