माझ्या पोटातली हँगरची तार

टक्.

खूप वर्षांपूर्वी ऐकलेला तो आवाज माझा स्वतःचाच होता. करंगळीचं नख तुटावं, एवढाच. लाँड्रीतले दिवे गेले, धुण्याचं यंत्र घरघरत थांबलं. त्या यंत्राची वायर त्याच्याच पायाखाली चेंगरली होती. मला बसवायला आलेला म्हातारा वायरमन ते बघून हसला आणि माझ्या पाठीवर बोट टेकवून म्हणाला, "शाबास."

तशी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

मी एक फ्यूज. पांढऱ्या चिनी मातीचा, मुठीत मावेन एवढा. पोटात दोन पितळी स्क्रू आणि त्यांच्यामध्ये केसासारखी बारीक तार. तेवढीच माझी अक्कल. झेपणार नाही इतकी वीज धावायला लागली की ती तार वितळते आणि वीज तिथंच थांबते. आपण तुटायचं आणि पुढच्याला वाचवायचं, असं साधं काम. त्याला शाळा लागत नाही. फक्त कुणी मध्ये हात घालू नये.

"हा उडाला तर ह्याला शिव्या घालू नका," वायरमन जाताना मालकाला म्हणाला. "का उडाला, ते आधी शोधा." बारीक तारेची एक गुंडाळी त्यानं माझ्या शेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवली. मालकानं मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

दुकानात माणसं दोनच, मालक आणि त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. इस्त्री तिच्याकडे होती. माझ्यासमोरच्या टेबलाशी ती सकाळपासून उभी असायची. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. चुरगळलेला शर्ट तिच्या हाताखालून असा निघायचा, की जणू त्याला कुणी समजावून सांगितलंय. इस्त्रीची वायर तिच्या उजव्या मनगटाला घासत असे, आणि त्या वायरीतली वीज माझ्यातून जात असे. म्हणजे तो हात माझ्या भरवशावर होता. मला तर दुकान म्हणजे तो हातच वाटायचा.

मग एका लॉजच्या चादरी धुवायचं काम आलं आणि मालकानं कपडे वाळवायचं यंत्र आणलं. त्याच्यासाठी वेगळी वायर ओढायची, ते राहिलं. यंत्र माझ्याच गळ्यात बांधलं. मी दिवसातून दोनदा उडायला लागलो. मी ओरडून सांगत होतो, की अरे, झेपत नाही. त्यानं तार दुहेरी केली, मग तिहेरी. आठवड्याभरात गुंडाळी संपली.

"वायरमनला बोलाव," बहीण म्हणाली.

"तो येणार, दिवस घालवणार आणि भिंत फोडायला सांगणार."

"मग फोड की!"

"चादरी संध्याकाळी द्यायच्यात, ताई. लॉजवाले काय भिंत पांघरून झोपतील?"

असं म्हणत त्यानं दांडीवरचा एक हँगर काढला. लाँड्रीत हँगरला काय तोटा! पक्कडीनं त्याचा बोटभर तुकडा तोडला आणि वाकवून माझ्या पोटात घातला.

"हे काय घालतोयस त्यात?"

"तार आहे. तार ती तार."

"अरे, ती कोट टांगायची!"

"कोट पेलते ना? मग वीज काय कोटापेक्षा जड असते? तात्पुरतं आहे गं. रविवारी नीट करू."

खरं सांगतो, मला शिसारी आली. पोटात कुणी खिळा ठोकावा, तसं झालं. ती तार वितळणारी नव्हती. म्हणजे मी आता फ्यूज उरलो नव्हतो, फ्यूजचं सोंग होतो. बाहेरून तोच पांढरा, तसाच स्वच्छ.

रविवार आले आणि गेले. हँगरच्या तारेला गंज चढला. शेजारचा शिंपी आला, की मालक माझ्याकडे बोट दाखवून फुशारकी मारायचा, "दोन वर्षं झाली, एकदा उडाला नाही!" शिंपीही "वा वा" करायचा. काम केलं तेव्हा शिव्या खाल्ल्या. काम बंद पडलं, तर कौतुक! माणसांची ही रीत मला आजवर कळली नाही. कळू नये, असंच वाटतं.

पुढे इस्त्रीच्या मुठीपाशी वायरीचं रबर तडकलं. बहिणीनं दाखवलं. त्यानं चिकटपट्टी गुंडाळली. ती उष्णतेनं सुटली, तेव्हा जुन्या चादरीची चिंधी बांधली.

"ही चिंधी किती दिवस?" तिनं विचारलं.

"तात्पुरती."

"तुझं तात्पुरतं माझ्या केसांबरोबर पिकायला लागलंय, राजा."

तो हसला. तीही हसली, आणि पुढचा शर्ट तिनं ओढला.

एका दुपारी चिंधीखालच्या दोन वायरी एकमेकींना भिडल्या. त्या क्षणासाठी माझा जन्म होता. वीज माझ्यातून लोंढ्यासारखी धावली. मी तुटायला बघत होतो, जीव तोडून बघत होतो. पण हँगरची तार लाल झाली, तरी तुटली नाही. चिंधीनं पेट घेतला, रबर वितळून बहिणीच्या तळहाताला चिकटलं. ती हात झटकत होती, पण इस्त्री सुटत नव्हती. शेवटी बाहेर रस्त्यावर, खांबावरच्या पेटीतला माझा कुणी भाऊबंद उडाला आणि वीज थांबली. माझं काम एका परक्यानं केलं, तेही उशिरा.

तो म्हातारा वायरमन काठी टेकत आला. त्यानं मला उपसून काढलं, पोटात बघितलं आणि तोंड फिरवलं. माझी एक बाजू काळी पडलीय, चीरही गेलीय. आता मी खिडकीत पडून असतो, गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवर वजन म्हणून.

तुमच्या घरात माझा कुणी भाऊ असेल, तर एकदा त्याच्या पोटात काय घातलंय ते जाणत्या माणसाकडून बघून घ्या. तो उडत नाही म्हणून खूश होऊ नका. आणि त्याच्या पुढे कुणाचा हात आहे, तेही बघा.

काल ती दुकानात आली, दीड महिन्यानं. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. मालकानं शिंप्याच्या दुकानातून खिडकीवाटे एक वायर ओढून घेतली होती, जागोजागी चिकटपट्टी लावून. नवी इस्त्री टेबलावर तापत होती.

"बरं झालं आलीस. चादरी साचल्यात," तो म्हणाला. मग तिच्या हाताकडे बघून आवाज मऊ करत म्हणाला, "डाव्या हातानं जमतंय का बघ, ताई. तात्पुरतं."

तिनं खिडकीतून आलेल्या त्या वायरीकडे बघितलं. मग त्याच्याकडे, बराच वेळ. डाव्या हातानं पदर सारखा केला, दारातल्या चपला पायांत सरकवल्या, आणि ती निघून गेली.